कोड एडिटरचा फॉन्ट आणि थीम कशी बदलायची

एकदा एक चूक शोधण्यात माझा अख्खा तास गेला होता. आकडा १ हवा तिथे स्मॉल एल टाइप झाला होता. एरर सांगत होती की 'एल' नावाचं काही अस्तित्वातच नाही, आणि मी ते 'एक' असं वाचत होतो, कारण त्या फॉन्टमध्ये दोघं जुळे भाऊ होते. तेव्हापासून थीम, म्हणजे एडिटरची रंगसंगती, नंतर, आधी फॉन्ट, असं माझं ठरलेलं आहे. खालच्या पायऱ्या व्हीएस कोड या कोड लिहायच्या प्रोग्रॅमसाठी आहेत. मॅकवर असाल तर कंट्रोलच्या जागी कमांड दाबा.

पायरी १ : फॉन्ट

कोडसाठी मोनोस्पेस फॉन्टच घ्या, म्हणजे ज्यात प्रत्येक अक्षर सारखीच जागा घेतं. नाहीतर उभ्या रांगा जुळत नाहीत. जेटब्रेन्स मोनो, फिरा कोड, कॅस्केडिया कोड हे तिन्ही फुकट मिळतात. निवडताना एका ओळीत शून्य आणि कॅपिटल ओ, मग एक, स्मॉल एल आणि कॅपिटल आय लिहून बघा. क्षणभर जरी अडखळलात, तरी तो फॉन्ट सोडा.

फॉन्ट आधी कॉम्प्युटरवर इन्स्टॉल करा, मग एडिटर पूर्ण बंद करून पुन्हा उघडा. आता कंट्रोल आणि स्वल्पविराम एकत्र दाबलं की सेटिंग्ज उघडतात. तिथे 'फॉन्ट फॅमिली' शोधा. आधीची नावं पुसू नका, नवीन नाव त्यांच्या आधी, यादीत पहिलं लिहा आणि मध्ये स्वल्पविराम द्या. नावात मोकळी जागा असेल तर ते एकेरी अवतरणात हवं. स्पेलिंग चुकलं तर एडिटर हूं की चूं करत नाही, गुपचूप यादीतला पुढचा फॉन्ट लावतो. 'काहीच बदललं नाही' या तक्रारीमागे बहुतेक वेळा हेच असतं.

या यादीचा आणखी एक उपयोग आहे. कोडच्या फॉन्टमध्ये सहसा देवनागरी नसते. कॉमेंट, म्हणजे कोडमध्ये माणसांसाठी लिहिलेल्या टिपा, मराठीत लिहीत असाल तर नोटो सान्स देवनागरी इन्स्टॉल करून त्याचं नाव यादीत दुसरं ठेवा.

पायरी २ : आकार आणि ओळींतलं अंतर

विंडोजवर मूळ आकार १४ असतो, मॅकवर १२. एकेक अंक वाढवत जा. लोक विसरतात ते 'लाइन हाइट'. तिथे ० म्हणजे एडिटर ठरवेल ते. ८ पेक्षा लहान आकडा दिला तर तो फॉन्टच्या आकाराची पट धरला जातो. मी १.६ ठेवतो. दाटीवाटी कमी झाली की लहान अक्षरही सुखाने वाचता येतं.

लिगेचर, म्हणजे बाण (=>) किंवा 'समान नाही' (!=) अशी चिन्हं जोडून एकसंध दाखवणं, मूळात बंद असतं. दिसतं छान. नवशिक्यांनी मात्र बंदच ठेवावं, प्रत्यक्षात कोणत्या कळा दाबायच्या ते लपतं.

पायरी ३ : थीम

कंट्रोल दाबून के, मग कंट्रोल दाबूनच टी. थीमची यादी येते. बाणाच्या कळांनी खाली सरकत जा, मागचा कोड तिथल्या तिथे रंग बदलतो. आवडली तर एंटर, नाहीतर एस्केप. बघताना स्वतःची खरी, कंटाळवाणी, लांबलचक फाइल उघडी असू द्या, चार ओळींच्या नमुन्यावर प्रत्येक थीम सुंदरच दिसते. गडद थीम सगळ्यांना मानवते असंही नाही. भर उजेडात बसत असाल तर फिकट पार्श्वभूमीच बरी. 'ऑटो डिटेक्ट कलर स्कीम' सुरू केलंत की सिस्टिमच्या फिकट-गडद मोडप्रमाणे थीम आपोआप बदलते.

पायरी ४ : फक्त खटकणारा रंग

बऱ्याच थीममध्ये कॉमेंट इतक्या पुसट असतात की लिहिणाऱ्यालाही दिसू नयेत. वेबवरच्या सुलभतेचे निकष साध्या मजकुरासाठी किमान ४.५ : १ इतका कॉन्ट्रास्ट, म्हणजे अक्षर आणि पार्श्वभूमीच्या उजळपणातला फरक, मागतात, तोच मापदंड इथे लावा. त्यासाठी अख्खी थीम टाकायची गरज नाही. सेटिंग्जमध्ये 'टोकन कलर कस्टमायझेशन्स' शोधा आणि सेटिंग्जची जेसन फाइल (सेटिंग्ज मजकूररूपात साठवणारी फाइल) उघडणाऱ्या दुव्यावर क्लिक करा. महिरपी कंसात अवतरण सुरू केलंत की सूचनांची यादी येते. त्यातून 'कॉमेंट्स' निवडा आणि कोलननंतर कुठलाही रंग-कोड (उदा. #888888) अवतरणात लिहा. शेजारी छोटा रंगीत चौकोन दिसेल. त्यावर माउस नेला की रंगपट्टी उघडते, मग कोड पाठ नसला तरी चालतं. सेव्ह केलं की रंग लगेच लागतो. पसंत नसेल तर तेवढी ओळ काढून टाका, मूळ रंग परत येतो.