आर्किटेक्टच्या कार्यालयात प्रकल्पाचा हिशेब कसा ठेवावा

प्रकल्पाचे अंदाजपत्रक मागितले की बहुतेक कार्यालयांतून बांधकामाच्या खर्चाचे कागद पुढे केले जातात. तो खर्च घरमालकाचा आहे. आपल्या कार्यालयाचा खर्च माणसांच्या तासांत होतो, आणि या लेखाचा विषय तोच हिशेब आहे.

प्रथम तासाचा दर काढावा. पगार, भाडे, वीज, सॉफ्टवेअरचे वार्षिक शुल्क आणि स्वतःचा पगार यांची वर्षाची बेरीज करून, प्रकल्पांच्या कामात प्रत्यक्ष जाणाऱ्या तासांनी तिला भागावे. हजेरीचे सगळे तास धरल्यास दर खोटा निघतो, कारण सुट्ट्या, नव्या कामासाठीच्या भेटी आणि कार्यालयीन कामे यांचे पैसे कोणीही देत नाही.

त्यानंतर फीचे तास करावेत. समजा, ८० लाख रुपयांचा बंगला आहे आणि फी ६ टक्के, म्हणजे ४,८०,००० रुपये आहे. त्यातून स्ट्रक्चरल कन्सल्टंटचे ८०,०००, प्रवास व प्रिंटचे २४,००० आणि २० टक्के नफ्याचे ९६,००० रुपये आधीच बाजूला काढावेत. नफा शेवटी उरेल तेवढा घ्यायचा असे ठरवणाऱ्याकडे तो उरत नाही. राहिलेल्या २,८०,००० रुपयांना तासाच्या सरासरी ५०० रुपये दराने भागले की ५६० तास हाती येतात. संकल्पना व प्राथमिक आराखड्याला ११०, मंजुरीला ६०, वर्किंग ड्रॉइंगला (प्रत्यक्ष बांधकामासाठीच्या तपशीलवार नकाशांना) २१०, निविदेला ४० आणि साइटला १४० असे ते वाटून द्यावेत.

येथपर्यंतचे काम एका दुपारचे आहे. खरी अडचण पुढे येते, आणि या टप्प्याने मला सर्वांत जास्त काळ छळले: काम चालू असताना आपण कोठे आहोत हे ओळखणे. ‘बँकेत पैसे आहेत ना, मग प्रकल्प ठीक चालला आहे’ हा सल्ला सर्रास दिला जातो आणि तो घातक आहे. खात्यातील रक्कम हप्ता केव्हा आला एवढेच सांगते. त्या हप्त्याचे काम अजून व्हायचे असेल, तर ते पैसे कमावलेले नसतात. ‘किती तास खर्च झाले’ एवढे पाहणेही पुरत नाही. वर्किंग ड्रॉइंगच्या २१० तासांपैकी १०५ संपले असतील, तर निम्मे काम झाले असे कोणीही धरून चालतो; पण ड्रॉइंगच्या यादीतील एक तृतीयांश कामच पूर्ण झाले असेल, तर त्याच गतीने हा टप्पा ३१५ तासांवर जाईल. जादा १०५ तासांचे ५२,५०० रुपये होतात, म्हणजे अर्ध्याहून अधिक नफा गेला. हे दर आठवड्याला पाहिले, तरच काही करता येते.

झालेले काम मोजताना कोणाला ‘किती टक्के झाले’ असे विचारू नये. ‘८० टक्के’ हे उत्तर चार-चार आठवडे तसेच राहते. टप्पा सुरू होताना ड्रॉइंगची यादी करावी, प्रत्येकापुढे तास लिहावेत, आणि ड्रॉइंग तपासून साइटवर पाठवले गेले तरच ते पूर्ण धरावे. अर्धवट ड्रॉइंगला शून्य. हा नियम कठोर वाटतो, पण त्यात कोणतीही सवलत देऊ नये.

तासांच्या नोंदीत मूळ काम आणि मंजूर आराखड्यानंतर मालकाने सुचवलेले बदल यांची सरमिसळ कधीही होऊ देऊ नये. स्वयंपाकघर तिसऱ्यांदा सरकवण्याचे तास वेगळे दिसले, तरच जादा फी मागता येते, आणि ती मागण्याचे पत्र बदल हाती घेण्यापूर्वी जावे. करारात साइटच्या देखरेखीचे महिनेही लिहावेत व त्यापुढील प्रत्येक महिन्याची फी ठरवावी. कोकणातील काम असेल, तर जून ते सप्टेंबरचा पाऊस धरूनच ते महिने मोजावेत.

बिलाबाबत थोडक्यात. क्लायंट कंपनी असेल, तर १,००,००० रुपयांच्या बिलावर १८,००० जीएसटी लागतो, १०,००० टीडीएस कापला जातो आणि खात्यात १,०८,००० येतात. त्यांपैकी वापरायचे फक्त ९०,०००. जीएसटी वेगळ्या खात्यात ठेवावा. मालकाने पैसे थकवले, तरी टॅक्स इन्व्हॉइस दिले की कर भरावाच लागतो, म्हणून हप्त्यांच्या तारखा आणि कामाचे टप्पे करारात कसे लिहायचे हे सनदी लेखापालाला विचारूनच ठरवावे. कार्यालयाची उद्यम नोंदणी, म्हणजे सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांसाठीची सरकारी नोंदणी, करून घ्यावी आणि तिचा क्रमांक प्रत्येक बिलावर छापावा. सूक्ष्म व लघु उद्योगांची देणी लेखी करार असल्यास जास्तीत जास्त ४५ दिवसांत, नसल्यास १५ दिवसांत चुकती करावी लागतात. व्यावसायिक क्लायंटने ही मुदत चुकवली, तर प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत त्याला त्या खर्चाची आयकरात वजावट मिळत नाही. बिल्डरच्या लेखा विभागाला पाठवायच्या स्मरणपत्रात हे एक वाक्य अवश्य घालावे.