नवी स्पोर्ट्स कार घेऊन घरच्यांसोबत निघताय? या चुका टाळा

दर पाडव्याला आणि दसऱ्याला मला फोन येतात. "दादा, गाडी उद्या ताब्यात मिळतेय, परवा सगळ्यांना घेऊन वणीच्या सप्तशृंगी गडावर जातोय. काही सांगायचंय का?" सांगायचं एवढंच असतं की परवा जाऊ नका. ते कुणाला ऐकायचं नसतं. मग आठ दिवसांनी दुसरा फोन येतो. खालून घासली, रिम वाकली, मागे बसलेल्या आईचे गुडघे धरले, लाल दिवा लागला. द्राक्षाचा हंगाम चांगला गेला की नाशिकमध्ये अशा चार गाड्या वाढतात, आणि त्याच त्या चुका पुन्हा सुरू होतात. मला त्याचं वाईट वाटतं, कारण यातली सगळ्यात महागडी चूक मी स्वतः केलेली आहे आणि ती टाळता आली असती.

गाडी हातात आली की लगेच सगळ्यांना बसवणं

शुक्रवारी संध्याकाळी मी मुंबईहून गाडी आणली. दोन दरवाजांची, इंजिन पुढे, मागे नावापुरत्या दोन जागा. शनिवारी सकाळी साडेसहाला आई, बायको आणि नऊ वर्षांची मुलगी यांना घेऊन वणीला निघालो. आदल्या दिवशी मुंबई ते नाशिक गाडीत मी एकटाच होतो आणि तेव्हा एकही गतिरोधक लागला नव्हता. त्यामुळे ही गाडी घासत नाही असं मी धरून चाललो. आता चौघं बसलेली, डिकीत बॅगा, देवीच्या ओटीचं सामान आणि पाण्याचा जार. गाडी किती दबली आहे हे वाकून बघायचं माझ्या डोक्यातही आलं नाही.

दिंडोरी सोडल्यावर एका गावात शाळेसमोर नवा कोरा डांबरी गतिरोधक होता, पांढरे पट्टे न मारलेला. वेग फार नव्हता, पंचवीस-तीस असेल. पुढची चाकं उतरली आणि पोटाखालून असा आवाज आला की मुलीने कान झाकले.

इथवर नुकसान आटोक्यात होतं. बिघडवलं मी, थांबलो नाही म्हणून. खालचं प्लास्टिक घासलं असेल, गडावर जाऊन बघू, असं म्हणालो. दोन किलोमीटरवर तेलाच्या झारीचा लाल दिवा लागला आणि स्क्रीनवर इंजिन बंद करण्याची सूचना आली. समोर थोड्या अंतरावर सावली दिसत होती, आई मागे अवघडून बसली होती, म्हणून मी आणखी अर्धा किलोमीटर गाडी रेटली. चेंबर, म्हणजे इंजिनखालची तेलाची टाकी, फुटला होता. तेल रस्त्यावर सांडत आलं होतं आणि त्या शेवटच्या अर्ध्या किलोमीटरने इंजिनची बेअरिंगं खाल्ली.

विम्याने चेंबर भरून दिला, इंजिनचं काम नाही दिलं. साध्या पॉलिसीत आदळून फुटलेला भाग मिळतो. तेल गेल्यावर गाडी चालवत राहिल्याने जे होतं ते परिणामी नुकसान धरतात आणि ते मिळत नाही. त्यासाठी इंजिन प्रोटेक्शनचं जादा कव्हर घ्यावं लागतं, आणि त्याच्याही अटी सही करण्याआधी वाचाव्या लागतात. एवढ्या किमतीची गाडी घेताना लोक सीटच्या शिलाईचा रंग निवडायला दोन तास घालवतात आणि पॉलिसीवर न वाचता सही करतात. मीही तेच केलं होतं.

त्या दिवशी आई अडीच तास एका द्राक्षबागेच्या पॅकिंग शेडमध्ये बसून होती. त्या घरच्यांनी चहा दिला, पोहे केले, कूलर लावून दिला. गडावर आम्ही पोचलोच नाही. निघताना आईने ओटीचं सामान त्या घरातल्या माउलीच्या हातात दिलं आणि म्हणाली, तुम्ही जाल तेव्हा देवीला पोचवा. मला ते अजून आठवतं.

तेव्हापासून माझी पद्धत ठरलेली आहे. पहिले पाचशे किलोमीटर गाडीत घरचं कुणी नाही. मग एके दिवशी तीन मित्रांना बसवायचं, डिकी भरायची आणि गल्लीतल्याच सगळ्यात वाईट गतिरोधकावरून चालण्याच्या वेगाने न्यायची. एकाने बाहेर उभं राहून वाकून बघायचं. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मापाप्रमाणे गतिरोधक १० सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद असायला हवा, म्हणजे चढ-उतार सावकाश होतो. गावोगावी बांधलेले उंचीला जास्त आणि रुंदीला हातभर असतात. अशा ठिकाणी नुसती गाडीची उंची कामाला येत नाही, पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मधलं पोट टेकतं. म्हणून तिरकं घ्यायचं, एकेक चाक चढवायचं, एकेक उतरवायचं. मागून हॉर्न वाजू देत. तरी शंका आली तर मागच्या दोघांना खाली उतरवायचं, गाडी पलीकडे न्यायची, मग बसवायचं. यात कमीपणा नाही. पुढचं नाक उचलायचं बटण असेल तर ते गतिरोधकाच्या आधी दाबा, वर चढल्यावर नाही. ते उचलायला काही सेकंद घेतं आणि फक्त पुढची बाजू उचलतं.

आणि आवाज आला की थांबा. कडेला घ्या, इंजिन बंद करा, मोबाईलचा दिवा लावून खाली बघा, पाच मिनिटांनी गाडी थोडी पुढे घेऊन जमिनीवर डाग पडलाय का ते तपासा. पिवळा दिवा म्हणजे सावकाश घेऊन जा, तपासून घ्या. लाल दिवा म्हणजे आहे तिथे थांबा. सावली शोधायची नाही.

समृद्धीवर इंजिन "मोकळं" करणं

हा सल्ला कोण देतं कळत नाही, पण प्रत्येकाला मिळालेला असतो. गाडी नवी आहे ना, समृद्धीवर घाल आणि दाबून चालव, म्हणजे इंजिन मोकळं होतं. आमणे ते इगतपुरी हा ७६ किलोमीटरचा शेवटचा टप्पा जून २०२५ मध्ये सुरू झाल्यापासून मुंबईहून गाडी आणणारे तर पहिल्याच तासात हा प्रयोग करतात.

नव्या इंजिनात पिस्टनच्या रिंगा आणि सिलिंडरची भिंत एकमेकांना बसायची असतात. त्यासाठी आरपीएम, म्हणजे इंजिनचे मिनिटाचे फेरे, सारखे बदलते हवेत आणि जोर बेताचा. समृद्धीवर तासन्‌तास एकाच आरपीएमवर गाडी चालते, किंवा मग पूर्ण ॲक्सिलरेटर दाबला जातो. दोन्ही चुकीचं. कारची मर्यादा १२० आहे ती वेगळीच. पहिल्या हजार किलोमीटरसाठी मला दिंडोरी रस्ता किंवा त्र्यंबकचा रस्ता आवडतो. गिअर बदलत राहतात, ब्रेक हलके हलके लागत राहतात, वेग फार होत नाही. किती किलोमीटरपर्यंत किती आरपीएमच्या वर जायचं नाही हे तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये लिहिलेलं आहे. ती चोपडी रात्री झोपण्याआधी वाचा. शेजाऱ्याला विचारू नका.

टायरचंही तसंच. साच्यातून सुटावा म्हणून नव्या टायरला जो लेप असतो तो झिजेपर्यंत पकड पुरेशी येत नाही. पहिले तीनशे किलोमीटर मी वळणावर जपून घेतो, ओल्या रस्त्यावर तर फारच. ब्रेकचे पॅड आणि डिस्क बसायलाही साधारण तेवढंच अंतर लागतं. आणि डिसेंबर-जानेवारीत निफाडचा पारा पाच-सहा अंशांवर येतो तेव्हा पहाटे निघणाऱ्यांसाठी एक गोष्ट: या गाड्यांवर येणारे रुंद उन्हाळी टायर सात अंशांखाली कडक होतात आणि घसरतात. कोवळं ऊन पडू द्या, मग निघा. इंजिनच्या पाण्याचं तापमान पाच मिनिटांत वर येतं, तेलाला त्याहून बराच वेळ लागतो. मी तेलाचा काटा बघतो. तो वर आल्याशिवाय तीन हजार आरपीएमच्या पुढे जात नाही, मग मागे मुलं कितीही ओरडू देत.

माझ्या ओळखीच्या एका बागायतदाराच्या मुलाने गाडी आल्याच्या संध्याकाळी चुलत भावंडांना दाखवायला गंगापूर रोडवर लाँच कंट्रोल लावलं, म्हणजे उभ्या गाडीला एकदम पूर्ण जोराने सुटायला लावणारी सोय. एकदा नाही, सहा वेळा. काही कंपन्या पहिले काही किलोमीटर ही सोय बंदच ठेवतात, त्याच्या गाडीत ती चालू होती. सहाव्या वेळी गिअरबॉक्स तापल्याची सूचना आली आणि घरच्यांची दुसऱ्या दिवशीची शिर्डीची वारी रद्द झाली. मुलगा चांगला आहे, हौशी आहे. पण ज्याला पहिला आठवडा धीर धरवत नाही, त्याच्या गाडीत मी माझ्या मुलीला बसवणार नाही, आणि हे मी त्याच्या वडिलांनाही सांगितलं.

मागच्या जागेला जागा समजणं

शोरूममध्ये मागे तुम्ही बसून बघता. तीस सेकंद. बसणार आहेत तुमच्या आई, सासूबाई, किंवा वाढत्या वयाची पोरं, आणि तेही दोन-अडीच तास. गाडी बुक करण्याआधी ज्यांना मागे बसायचंय त्यांनाच घेऊन जा आणि वीस मिनिटं बसवा. पुढची सीट तुमच्या नेहमीच्या जागेवर आणून. डोकं काचेला लागतंय का, उतरताना हात धरावा लागतो का, ते तिथेच कळेल.

चौदा वर्षांखालच्या मुलाला पट्टा किंवा चाइल्ड सीट लावणं कायद्याने बंधनकारक आहे, नाहीतर हजार रुपये दंड. दंड राहू द्या. मांडीवर मूल घेऊन पुढे बसलेल्या आया मी याच गाड्यांमध्ये पाहतो आणि समोर एअरबॅग असते. कृपा करून असं करू नका. चाइल्ड सीट दोन दरवाजांच्या गाडीत मागे जाते का, ती सीट अडकवायचे आयसोफिक्सचे हूक आहेत का, हे गाडी घेण्याआधी बघायचं.

माझं उत्तर साधं आहे: दोन गाड्या न्या. मोठी गाडी सोबत असू द्या, सामान आणि वडीलधारी तिच्यात, आणि स्पोर्ट्स कारमध्ये एका वेळी एकच जण चालवणाऱ्याच्या शेजारी. चहाला थांबलात की बदला. आमच्याकडे सापुताऱ्याला जाताना अशाच पाळ्या लागतात. आईला तिची पाळी सकाळी हवी असते, थंड हवेत, काच खाली करून. लोकांना दुसरी गाडी नेणं अपमानाचं का वाटतं हे मला समजत नाही. चौघांना एकत्र कोंबून फोटो निघतो, प्रवास होत नाही.

बाकीच्या, थोडक्यात

कडक ट्रॉली बॅगा. डिकीत एक जाते, दुसरी कुणाच्या तरी पायात. कापडी बॅगा घ्या.

हवा. कारखान्यातून येताना टायरमध्ये वाहतुकीसाठी जास्त हवा भरलेली असते आणि ती कमी करायची कधी कधी शोरूमला राहून जाते. दाराच्या चौकटीवर दोन आकडे असतात, एक कमी माणसांसाठी, एक पूर्ण भारासाठी. सहलीला दुसरा आकडा. सकाळी थंड टायरवर, स्वतःच्या गेजने. पंपावरच्या गेजवर माझा विश्वास नाही.

स्टेपनी. बहुतेक गाड्यांत ती नसते! सीलंटची बाटली आणि छोटा कंप्रेसर असतो. ती बाटली टायर बाजूने कापला तर उपयोगाची नाही, आणि वापरल्यावर ८० च्या वर जायचं नाही. पहिल्यांदा ती महामार्गाच्या कडेला उघडू नका, घरी उघडून बघा.

पूजा. नवश्या गणपतीला गाडी जरूर न्या, आम्हीही नेतो. नारळ मात्र बाजूला दगडावर फोडा, गाडीपुढे नको, करवंटीचे तुकडे उडतात. ओलं कुंकू रंगावर उन्हात तसंच राहिलं तर डाग जात नाही, म्हणून स्वस्तिक काचेवर काढा. हार जाळीवर बांधू नका, मागे रडार आणि रेडिएटर असतो.

पेट्रोल. ढक्कनाच्या आत ऑक्टेनचा आकडा लिहिलेला आहे. तो वाचा, आणि तसं पेट्रोल वाटेत कुठे मिळतं ते आधी बघा.

मॅपचा शॉर्टकट. दहा मिनिटं वाचवायला पाटाच्या कडेच्या रस्त्याने जाणाऱ्यांना मी मनापासून नाही म्हणतो. ज्या रस्त्यावरून गेल्या महिन्याभरात दुसऱ्या गाडीने गेलेलो नाही, त्या रस्त्यावर मी ही गाडी घालत नाही. पिंपळगाव, लासलगावकडे अंधार पडल्यावर तर नाहीच. कांद्याच्या ट्रॉलीला मागे दिवा नसतो.

द्राक्षबागांमध्ये वाइन चाखायची असेल तर चाव्या न पिणाऱ्याकडे. यावर चर्चा नाही.

घाट उतरताना गिअर खाली घ्या. गडाच्या पायथ्याच्या नांदुरीच्या घाटात नव्या ब्रेकचा वास येईपर्यंत पेडल दाबून बसू नका.

क्रेन. माझी गाडी न्यायला आलेला माणूस पुढच्या चाकांना साखळी लावून उचलणार होता. पुढचा बंपर तिथेच गेला असता. अख्खी गाडी वर चढवून नेणारा फ्लॅटबेड ट्रकच मागवा, नंबर आधीच फोनमध्ये ठेवा. ओढायचा हूक डिकीत, टूलकिटमध्ये असतो आणि बंपरवरच्या झाकणामागे फिरवून बसवायचा असतो. माझ्या गाडीत त्याचे आटे उलटे आहेत, डावीकडे फिरवल्यावर बसतो. तुमच्या गाडीत कसे आहेत ते घरीच एकदा बसवून बघा.

आणि गडावर नवरात्रात किंवा चैत्राच्या यात्रेत जाणार असाल, तर खासगी गाड्या नांदुरीलाच थांबवतात. तिथून एसटीने वर जायचं. वर रुळांवरून चढणारी फ्युनिक्युलर ट्रॉली आहे, त्यामुळे गुडघे दुखणाऱ्यांना पायऱ्या चढाव्या लागत नाहीत. मी आईला शेवटी ट्रॉलीनेच वर नेलं, यात्रा संपल्यावर, गडापर्यंत मोठ्या गाडीने. वाटेत त्या द्राक्षबागेत थांबून माउलींना प्रसादाचा पुडा देऊन आलो.