आजोबा कुठल्या पलटणीत होते? बेळगावात बसून शोधायची वाट

खंडेनवमीला आमच्या घरी कोयत्या-विळ्यांशेजारी एक कांस्याची थाळी आणि एक चांदीचं पदक पूजेला असायचं. आजेसासऱ्यांचं. ‘बसऱ्याला गेले ते आलेच नाहीत’, एवढंच सासूबाईंना ठाऊक होतं. बसरा म्हणजे इराकमधलं शहर. दरवर्षी त्या पदक राखेनं लख्ख घासायच्या, मायेनंच. पण कडेवर कोरलेली बारीक अक्षरं त्यात झिजत गेली, आणि ती लावायला मला दोन वर्षं लागली.

म्हणून पहिलं सांगणं हेच, घरातलं पदक घासू नका. पहिल्या महायुद्धाच्या गोल पदकांच्या कडेवर नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण कोरलेली असते. दुसऱ्या महायुद्धाची आपल्या फौजेला मिळालेली पदकंही नावानिशी आहेत. खोलीत अंधार करा, बॅटरी आडवी धरा आणि मोबाइलवर कडेचे तुकड्यातुकड्यानं फोटो काढा. नाहीतर पातळ कागद दाबून वरून मऊ पेन्सिल फिरवा. मोठी थाळी असेल तर तिच्यावर फक्त नाव सापडेल, हुद्दा नाही. ती पहिल्या महायुद्धात मेलेल्यांच्या घरी पाठवत. म्हणजे थाळी घरात असेल, तर माणूस त्या युद्धाच्या नोकरीपायीच गेला एवढं नक्की झालं.

मी खानापूर तालुक्यातल्या एका गावचं वाचनालय एकोणीस वर्षं सांभाळलं. टेबलाशी येणारे बहुतेक जण एकच सांगतात, ‘आमचा आजा मराठा पलटणीत होता.’ यातल्या ‘मराठा’ शब्दावरच शोध अडतो. त्या काळच्या इंग्रजी कागदांत या शब्दात पहिल्या ‘ए’नंतर ‘एच’ आहे आणि पुढं ‘टी’ दोन आहेत, म्हणजे Mahratta. आजचं स्पेलिंग टाकलं की यंत्र रिकामं पान दाखवतं. एका म्हातारीसाठी मी केलेला अर्ज एका कचेरीनं ‘नोंद नाही’ म्हणून तीनदा परत केला. तिन्ही वेळा मी पलटणीचं आजचं नाव लिहिलं होतं. चूक माझी होती हे खरं, पण तिथल्या कुणी जुनं नाव सुचवलं असतं तर त्या म्हातारीचे आठ महिने वाचले असते. याचं मला अजून वाईट वाटतं.

पलटणींची नावं १९२२ साली बदलली, तेव्हा हा हिशेब वहीत उतरवून घ्या. १०३ नंबरची झाली पहिली, म्हणजे जंगी पलटण. १०५ झाली दुसरी, काळी पाचवी. ११० तिसरी, ११६ चौथी, ११७ पाचवी. ११४ झाली दहावी, शिकाऊ पलटण, आणि बेळगावचं केंद्र तिच्यापासूनचं. म्हणजे १९१६ साली गेलेला माणूस ‘पाचव्या मराठा’त शोधायचा नाही, ११७ मध्ये शोधायचा. आणि आपल्याकडचा प्रत्येक जण मराठा पलटणीतच होता असं धरू नका. महार रेजिमेंट १९४१ साली बेळगावातच उभी राहिली, पण तिचं केंद्र आज मध्य प्रदेशात सागरला आहे. बॉम्बे सॅपर्सचं, म्हणजे फौजेतल्या इंजिनिअर पलटणीचं, खडकीला. पत्र चुकीच्या गावी गेलं की महिने जातात.

युद्धात मेलेला माणूस असेल तर काम त्यातल्या त्यात सोपं आहे. कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशन, म्हणजे युद्धात मेलेल्यांच्या कबरी आणि स्मारकांची नोंद ठेवणारी संस्था, तिच्या संकेतस्थळावर फुकट शोधता येतं. नुसतं आडनाव टाकू नका. सविस्तर शोधात ‘जादा माहिती’ची एक चौकट आहे, तिथं बेळगावचं जुनं इंग्रजी नाव (Belgaum) टाका, मग तालुक्याचं, मग गावाचं. बऱ्याच नोंदींत बापाचं नाव आणि गाव दिलेलं असतं. कारकुनानं कानाला लागलं तसं लिहिलंय, म्हणून पवारचं ‘पोवार’ आणि निपाणीत दोन ‘पी’ हे सगळं करून बघा. माझे आजेसासरे असेच सापडले. ११७ मराठा पलटण, बसरा स्मारक. इराकमधल्या कूट गावाला तुर्कांनी घातलेल्या वेढ्यात होते. ७ डिसेंबर १९१५ ला वेढा पडला, २९ एप्रिल १९१६ ला शरणागती झाली, आणि त्यांच्या मरणाची तारीख त्यानंतरची, म्हणजे कैदेतली. त्या स्मारकाच्या फलकांवर इंग्रज शिपायांची नावं कोरली, आपल्या शिपायांचा पलटणीवार नुसता आकडा. नाव फक्त नोंदवहीत होतं. ते मी सासूबाईंना मोठ्यानं वाचून दाखवलं, तर त्यांनी पुन्हा वाचायला लावलं.

जिवंत परतलेल्यांचं काम मात्र चिकाटीचं. त्यांची यादी कुठल्या संकेतस्थळावर आयती मिळत नाही. पेन्शनचा कागद, डिस्चार्ज बुक, मनीऑर्डरची पावती, जे हाताला लागेल त्याची झेरॉक्स घेऊन आधी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा. मग स्वातंत्र्यानंतरच्या माणसासाठी रेजिमेंटच्या रेकॉर्ड ऑफिसला पत्र लिहा. इथं एक गोष्ट फार कमी लोकांना माहीत असते. पेन्शन नसलेल्या शिपायाची सविस्तर कागदपत्रं, म्हणजे शीट रोल, २५ वर्षांनी नष्ट करतात. पण ‘लाँग रोल’ नावाची वही कायम ठेवतात. तिच्यात भरतीची आणि फौजेतून सुटल्याची तारीख अशा मोजक्याच गोष्टी असतात. तेव्हा पत्रात स्पष्ट लिहा, ‘शीट रोल नष्ट झाला असल्यास लाँग रोलमधील नोंदीचा उतारा द्यावा.’ हे वाक्य नसलं की ‘कागद नष्ट’ एवढंच उत्तर येतं आणि माणूस तिथंच थांबतो.

उत्तरच आलं नाही तर माहितीचा अधिकार. दहा रुपयांची पोस्टल ऑर्डर, तीस दिवसांची मुदत, नंतर पहिलं अपील. कायद्यात अर्जाची भाषा इंग्रजी, हिंदी किंवा त्या भागाची राजभाषा अशी दिली आहे. बेळगावात ती कन्नड. म्हणून वादात न पडता अर्ज इंग्रजीत किंवा हिंदीत लिहा. सोबत वारस असल्याचा पुरावा जोडा, नाहीतर खासगी माहिती म्हणून नाकारतात.

गावाचा पत्ताही त्या काळचा लागतो. चंदगड १९५६ पर्यंत बेळगाव जिल्ह्यात होतं, त्यामुळं आज कोल्हापूर जिल्ह्यात राहणाऱ्यांनी आजोबांना बेळगावखाली शोधावं. शहापूर सांगली संस्थानात होतं. आज रेल्वे फाटक ओलांडून जातो त्या गल्लीतला शिपाई कागदावर सांगलीचा निघू शकतो. महसुली दप्तर लागलं तर आपण १९५६ पर्यंत मुंबई राज्यात होतो हे ध्यानात ठेवा आणि मुंबईच्या पुराभिलेखागारातही विचारा.

पलटण कळली की ती कुठं लढली, काय खाल्लं, किती आजारी पडले हे वाचायला युद्धाच्या रोजनिश्या आहेत. दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागाराच्या ‘अभिलेख पटल’वर नाव नोंदवून शोधा. लंडनच्या क्यू इथल्या अभिलेखागारात त्यांचा संच डब्ल्यूओ ९५ या क्रमांकाखाली आहे. रोजनिशीत शिपायाचं नाव क्वचित येतं, अधिकाऱ्यांचंच येतं. तरी वाचा. त्या दिवशी पलटण कुठं होती हे कळलं की आपला माणूसही तिथंच असणार.

सापडलेल्या कागदाच्या तीन प्रती करा. फोटोमागं पेन्सिलनं नाव, गाव, पलटण, साल लिहा. पेनची शाई आपल्या पावसाळ्यात फुटते. पदक आणि थाळी प्लॅस्टिकमध्ये नको, धुतलेल्या सुती कापडात गुंडाळा. एक प्रत घरी, एक भावकीत, आणि एक गावच्या वाचनालयात द्या. आमच्याकडं अशी एकतीस पाकिटं आहेत, गावाच्या नावानं लावलेली. नवीन कुणी आलं की मी आधी त्याच्या गावाचं पाकीट काढून बघते.