परदेशात एक्स्चेंज स्टुडंट: पहिले काही आठवडे कसे निभवावेत

नव्या देशात, नव्या घरात पाऊल टाकलं की सुरुवातीला एक सवलत मिळते: काहीही विचारा, कोणी नावं ठेवत नाही. वॉशिंग मशिन कसं लावायचं, खोलीचं दार आतून लावलं तर चालतं का, वर्गात शिक्षकांना हाक कशी मारायची, सगळं विचारता येतं. हेच प्रश्न तिसऱ्या महिन्यात विचारले की समोरच्याच्या भुवया उंचावतात आणि आपल्यालाही ओशाळल्यासारखं होतं. ही सवलत आहे तोवर ती वसूल करायची, त्या हिशेबाने हा क्रम लावला आहे.

१. पोहोचल्या दिवशी जागे राहा

घरी ‘सुखरूप पोहोचलो’ एवढा निरोप पुरे. वेळेत जितक्या तासांचा फरक, साधारण तितके दिवस शरीराचं घड्याळ जुळायला लागतात, आणि पूर्वेकडे प्रवास केला असेल तर त्रास जास्त होतो. दिवसाउजेडी बाहेर फिरा. झोप अगदीच अनावर झाली तर गजर लावून अर्धा तास, त्याहून जास्त नको. पहाटे तीनला टक्क जाग येईल, तेव्हा मात्र फोनला हात लावू नका. मायदेशी कोणी ना कोणी जागं असतंच, गप्पा रंगतात आणि उरलेली रात्रही हातची जाते.

२. कागदपत्रं आणि नंबर

हे कंटाळवाणं काम पहिल्याच आठवड्यात उरका. काही देशांत पत्त्याची नोंदणी मुदतीत करावी लागते: जर्मनीत राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत, जपानमध्ये 14 दिवसांत. यजमान कुटुंबाला (ज्यांच्या घरी राहता त्यांना) किंवा समन्वयकाला (तुमच्याकडे लक्ष ठेवायला एक्स्चेंज संस्थेने नेमलेल्या माणसाला) आठवण करा, ते विसरले असतील असं समजूनच. पासपोर्ट घरी नीट ठेवा, त्याचा आणि विमा कार्डाचा फोटो पालकांकडे असू द्या. घराचा पत्ता, समन्वयकाचा नंबर आणि तिथला आपत्कालीन नंबर कागदावर लिहून खिशात ठेवा, कारण फोनची बॅटरी नेमकी नको तेव्हाच संपते. युरोपीय संघात 112, अमेरिका-कॅनडात 911. जपानमध्ये पोलिसांसाठी 110 आणि रुग्णवाहिकेसाठी 119.

३. घराचे नियम विचारून घ्या

खरी मेहनत इथे आहे. बहुतेक घरांत नियम असतात, पण ते कोणी कधी बोलून दाखवलेले नसतात. घरच्या मुलांना ते लहानपणापासून अंगवळणी पडलेले असतात, तुम्हाला मात्र ते मोडल्यावरच कळतात, तेही कोणाच्या तरी गप्प बसण्यावरून.

‘हे चालेल का?’ असं विचारू नका. पाहुण्याला नाही कसं म्हणायचं, म्हणून ‘हो, चालेल की’ असंच उत्तर येतं. त्याऐवजी ‘तुमच्याकडे हे कसं करतात?’ असं विचारा, मग खरं काय ते कळतं. पहिल्या दोन-तीन दिवसांत यजमान आई-वडिलांजवळ वही घेऊन बसा आणि एकेक विचारा: सकाळी बाथरूम कोणाला कधी लागतं आणि आंघोळ किती मिनिटांत आटपायची? आंघोळीनंतर फरशी पुसायची का, ओला टॉवेल कुठे टाकायचा? फ्रीजमधलं न विचारता काय घेतलं तर चालतं? रात्री किती वाजल्यानंतर आवाज नको? बाहेर जाताना कोणाला सांगायचं, उशीर होणार असेल तर कसं कळवायचं? घरच्यांना काय म्हणून हाक मारायची?

वही काढून बसायला अवघड वाटेल, पण एवढ्या आस्थेने विचारणारा पोरगा किंवा पोरगी कुणालाही आवडते. शिवाय एखादं काम कोणी न सांगता अंगावर घ्या, रोज जेवणानंतर टेबल आवरण्याचं म्हणा. पाहुणेपण त्याने लवकर सुटतं.

४. शाळेत समजल्याचं सोंग आणू नका

सगळे हसले की हसायचं, कोणी काही सांगितलं की मान डोलवायची, ही सवय दोन दिवसांत लागते आणि महागात पडते. ‘चार वाजता मागच्या दाराशी थांब’ हे न कळता मान हलवली की तुम्ही पुढच्या दाराशी उभे आणि घरचे काळजीत. ‘पुन्हा सांगाल का, जरा हळू?’ हे वाक्य तिथल्या भाषेत तोंडपाठ करा. ऐकलेलं आपल्या शब्दांत परत म्हणून दाखवलंत तर उत्तमच.

आकड्यांच्या कुलपाचा लॉकर मिळाला तर गर्दी नसताना सराव करा. नेहमीच्या तीन आकडी कुलपात आधी उजवीकडे दोन-तीन पूर्ण फेरे देऊन पहिल्या आकड्यावर थांबायचं. मग डावीकडे फिरवत दुसरा आकडा एकदा ओलांडून पुन्हा त्यावर यायचं आणि शेवटी उजवीकडे थेट तिसऱ्यावर. घंटा झाल्यावर हे पहिल्यांदा करून पाहणं म्हणजे घाम फुटणारच.

एखादा संघ, वाद्यवृंद किंवा क्लब लगेच धरा. रोज त्याच चेहऱ्यांसोबत काहीतरी करायला मिळालं की मैत्रीसाठी वेगळं धडपडावं लागत नाही.

५. घरच्या फोनला वेळ ठरवा

एएफएस या विद्यार्थी देवाणघेवाणीच्या संस्थेमार्फत 1947 मध्ये शालेय विद्यार्थ्यांची देवाणघेवाण सुरू झाली तेव्हा घरच्या पत्राची वाट बघण्यापलीकडे पर्याय नव्हता. आज रोज रात्री तासभर व्हिडिओ कॉल होऊ शकतो, आणि माझ्या मते पहिल्या महिन्यातला सर्वांत मोठा अडथळा तोच. शरीराने इथे, मनाने तिथे, अशी ओढाताण होते. आठवड्यातून एक ठरलेला वार, बाकी दिवस थोडके निरोप. पालकांनीही हे पाळायला हवं. रात्री जेवलास का, हे विचारायला आता तिथे माणसं आहेत.

६. मन बसेनासं झालं तर

सुरुवातीची नवलाई ओसरली की सगळ्याचा राग येऊ लागतो. मानववंशशास्त्रज्ञ कालेर्वो ओबर्ग यांनी 1960 च्या लेखात या ‘कल्चर शॉक’ची लक्षणं नोंदवली: पुन्हापुन्हा हात धुणं, पाण्या-अन्नाची वाजवीपेक्षा जास्त काळजी, आपल्याला फसवताहेत अशी भीती, घरी परतण्याची विलक्षण ओढ. तुमचं काही बिघडलेलं नाही, हा टप्पा येतो आणि जातो. झोप, व्यायाम आणि दिवसातून एक संभाषण, मोडक्यातोडक्या भाषेत का होईना, एवढं सोडू नका.

७. नियम आणि तक्रार

कार्यक्रमाचे नियम वाचा, ते कडक असतात. रोटरीच्या कार्यक्रमात वाहन चालवणं, मद्यपान, अमली पदार्थ आणि प्रेमप्रकरणं या चारही गोष्टींना मनाई आहे, आणि नियम मोडल्यास परत पाठवलं जाऊ शकतं. समन्वयक तुमच्यासाठीच असतो. अमेरिकेत शालेय विद्यार्थ्यांच्या जे-1 (एक्स्चेंजसाठीचा व्हिसा) कार्यक्रमात त्याने महिन्यातून किमान एकदा तुमच्याशी संपर्क ठेवायचा, असा नियमच आहे. घरात किरकोळ कुरबूर असेल तर आधी घरच्यांशीच शांतपणे बोला. पण असुरक्षित वाटत असेल, कोणी अंगचटीला येत असेल, खायला पुरेसं मिळत नसेल, तर भिडेखातर एक रात्रही थांबू नका. त्याच दिवशी समन्वयकाला फोन करा, तो उचलत नसेल तर संस्थेच्या आपत्कालीन क्रमांकावर करा, आणि पालकांनाही कळवा. यजमान घर बदलता येतं, आणि ते बदलून मागणं हा तुमचा हक्क आहे.