टीव्ही स्टँड घेताना या चुका टाळा: आधी घर पाहा, मग दुकान

कापसाचे पैसे हाती आले की गावात दोन-चार घरी तरी नवा टीव्ही येतो, आणि तो जुन्या डब्बा टीव्हीच्या ट्रॉलीवरच चढतो. पहिली चूक हीच. जुना २१ इंची टीव्ही जाड पण अरुंद होता, त्याला दोन फुटांची ट्रॉली पुरायची. ४३ इंची टीव्ही सुमारे ३८ इंच रुंद असतो (४३ हे पडद्याचं तिरकं माप), आणि बऱ्याच मॉडेलांचे पाय मधोमध नसून दोन टोकांना असतात. दोन्ही पायांच्या बाहेरच्या कडांमध्ये टेप लावा आणि फळी दोन्हीकडून निदान तीन-तीन इंच जास्त घ्या. पुढून मागे ती एक फुटापेक्षा कमी नको.

दुसरी चूक उंचीची. दुकानातले स्टँड सोफ्यावर बसणाऱ्यांसाठी असतात. आपल्याकडे म्हातारी माणसं खाटेवर, पोरं सतरंजीवर. खाली बसलेल्या मोठ्या माणसाचे डोळे जमिनीपासून साधारण अडीच फुटांवर असतात, खाटेवरच्याचे चार फुटांच्या आसपास. पडद्याचा मध्य या दोन्हींच्या दरम्यान आला की कोणाचीच मान अवघडत नाही. ४३ इंचीसाठी २० ते २४ इंच उंचीचा स्टँड मला योग्य वाटतो. लोखंडी कोठीवर किंवा आलमारीवर टीव्ही ठेवू नका. पोरं वर पाहून पाहून थकतात, आणि टीव्ही खाली येण्याची भीती वेगळीच.

लाकडाच्या बाबतीत मात्र आम्ही स्वतः फसलो. शहरातल्या एका दुकानातून चकचकीत पार्टिकल बोर्डाचा (लाकडाचा भुसा दाबून केलेल्या फळीचा) स्टँड आणला. उन्हाळाभर कुलरचा ओला वारा त्याच्यावर, रोजचा ओला पोछा खालून, आणि वरून पावसाळ्याची ओल. दिवाळीपर्यंत खालची फळी फुगून पापुद्रे सुटले होते. फुगलेला बोर्ड वाळवला तरी मूळ जाडीवर येत नाही, त्यावर सनमायका चिकटवणं म्हणजे पैसे वाया. ती फळीच बदलावी लागते.

म्हणून स्टँड गावातल्या वाढयाकडून (सुताराकडून) करून घ्या. चंद्रपूर-गडचिरोलीचं सागवान नावाजलेलं आहेच, पण नुसतं 'सागवान' ऐकून पैसे देऊ नका. आतला गडद गाभा टिकतो, बाजूच्या पांढऱ्या भागाला उधई (वाळवी) लागते. लाकूड ओलं असेल तर वर्षभरात सांधे उघडतात. सागवान परवडत नसेल तर १८ मिलीमीटरचं वॉटरप्रूफ प्लाय घ्या, त्यावर आयएस ७१० (अशा प्लायचं भारतीय मानक) असा शिक्का पाहा, आणि कापलेल्या सगळ्या कडा बंद करून घ्या, कारण पाणी तिथूनच शिरतं. लोखंडी चौकट आणि वर लाकडी फळी हाही चांगला मार्ग आहे. पायांना रबरी बूट मात्र हवेत.

स्टँड जमिनीपासून चार-पाच इंच उंच, भिंतीपासून दोन इंच लांब ठेवा. मागे मातीची बारीक नळी दिसली तर ती पुसून गप्प बसू नका. उधई जमिनीतून किंवा भिंतीतून येते. स्टँड हलवून ती जागा शोधा आणि औषध तिथे मारा.

मातीच्या भिंतीत टीव्ही टांगायच्या ब्रॅकेटचे स्क्रू धरत नाहीत, माती भुगा होऊन सुटते. अशा घरात स्टँडच बरा, पण टीव्ही मागून पट्ट्याने स्टँडला आणि स्टँड लाकडी खांबाला बांधा. घरात रांगतं मूल असेल तर हे आजच करा. सारवलेल्या जमिनीवर स्टँड डुगडुगत असेल तर पायाखाली कागदाच्या घड्या घालू नका, त्या ओलीने दबतात. फरशीचे तुकडे बसवा, आणि अर्धी भरलेली पाण्याची बाटली फळीवर आडवी ठेवून सपाटी तपासा.

बंद कपाटासारखा स्टँड घेतला तर सेट टॉप बॉक्स आणि स्टॅबिलायझर एकमेकांवर रचू नका, दोन्ही तापतात. मागची फळी उघडी ठेवा.

जागा ठरवताना वर पाहा: कवेलू (कौलं) गळतात ती ओळ टाळा, मृगाआधी घर फेरलं, म्हणजे कवेलू नव्याने बसवले असले तरी. आणि ज्या खोलीत भाव वाढायची वाट पाहत कापूस भरून ठेवला आहे, तिथे टीव्ही, स्टॅबिलायझर, विजेचा बोर्ड काहीच नको. उंदरांनी कुरतडलेल्या वायरची एक ठिणगी कापसाला पुरते.