एआयने ब्रेन स्कॅन मोजायचेत? आधी हाताने मोजा

मेडिकल इमेजिंगमध्ये येऊ पाहणारी इंजिनिअर मुलं हटकून विचारतात, "कुठलं मॉडेल शिकू?" माझं उत्तर ठरलेलं: आयटीके-स्नॅप हे स्कॅन बघायचं-मोजायचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, ते उघड आणि स्कॅन हाताने मोजायला बस.

माझी सुरुवात इव्हान्स इंडेक्सपासून, म्हणजे मेंदूतल्या पोकळ्या किती मोठ्या झाल्यात याच्या मापापासून झाली. नॉर्मल प्रेशर हायड्रोसेफॅलस या आजारात मेंदूतली व्हेंट्रिकल्स, म्हणजे द्रवाने भरलेल्या या पोकळ्या, फुगतात. चाल बिघडते, विसरायला होतं, लघवीवर ताबा राहत नाही. घरचे 'वय झालं' म्हणून सोडून देतात, पण शंट (जादा द्रव काढून नेणारी नळी) घातल्यावर अनेकांची चाल सुधारते. म्हणून हे माप मोलाचं. ते १९४२ सालचं, मेंदूतल्या पोकळ्यांत हवा भरून एक्स-रे काढायच्या काळातलं. व्हेंट्रिकलच्या पुढच्या शिंगांची सर्वाधिक रुंदी भागिले त्याच कटवरची (स्कॅनमधल्या त्याच आडव्या छेदावरची) कवटीची आतली सर्वाधिक रुंदी. ०.३ च्या वर गेलं की व्हेंट्रिकल्स मोठी.

आता कवटी आतून १३० मिमी आणि शिंगं ३९ मिमी धरा. उत्तर बरोबर ०.३०. कड ठरवताना दोन्ही बाजूंना एकेक मिमी इकडेतिकडे झालं, की तेच ०.२८ किंवा ०.३२ होतं. त्यात पेशंटची मान वाकडी असेल तर कटच तिरका येतो. तुमच्या मॉडेलचा डाइस स्कोअर (मॉडेलने आखलेला भाग हाताने आखलेल्या भागाशी किती जुळतो ते; १ म्हणजे पूर्ण) ०.९५ आला तरी यातलं काहीच त्यात दिसत नाही. तेव्हा दोन रेडिओलॉजिस्टना तेच स्कॅन स्वतंत्रपणे मोजायला द्या. त्यांच्यात जेवढा फरक पडतो, त्याच्याशी मॉडेलची चूक ताडून पाहा. (डॉक्टरांचा वेळ मिळवणं हे या क्षेत्रातलं खरं अवघड काम, कोडिंग नव्हे.)

स्कॅनमधले मेंदूचे भाग आपोआप आखणारी साधनं भरपूर आहेत. फ्रीसर्फर एका स्कॅनला कित्येक तास घ्यायचं. बॉनमध्ये तयार झालेलं फास्टसर्फर जीपीयूवर मेंदूचे भाग मिनिटभरात वेगळे करतं. पण ही दोन्ही एक मिमीच्या आसपास जाडीचे कट असलेल्या टी-वन स्कॅनवर (एमआरआयचा एक प्रकार) वाढलेली. रोजच्या ओपीडीतले कट पाच-पाच मिमी जाडीचे असतात, तिथे सिंथसेग हे साधन वापरून पाहा. सरावाला ओएसिस या ब्रेन स्कॅनच्या संग्रहातला डेटा घ्या. एडीएनआय या अल्झायमर संशोधनाच्या संग्रहासाठी अर्ज करावा लागतो.

आणि रिपोर्टमध्ये नुसता आकडा पाठवू नका. ज्या कटवर मोजलं त्याचं चित्र दोन्ही रेषांसकट जोडा. रेषा चुकीच्या जागी पडली असेल तर रेडिओलॉजिस्टला ते बघताक्षणी कळतं.