'सात दिवसांत देतो' यावर साठा ठरवू नका

रेझिन (वाळू बांधून ठेवणारा चिकट पदार्थ) संपलं की फाउंड्रीतलं कोअर शॉप, म्हणजे ओतकामासाठी वाळूचे गाभे बनवणारा विभाग, थांबतं आणि फोनाफोनी सुरू होते. बहुतेकदा मूळ एकच असतं: पुरवठादार सात दिवस म्हणाला, म्हणून सात दिवसांचाच हिशेब धरलेला. त्यापेक्षा वर्षभराच्या ऑर्डरच्या तारखा आणि गेटवरच्या आवक रजिस्टरातल्या तारखा शेजारी-शेजारी मांडा. समजा, सरासरी ८ दिवस निघाले, पण दोनदा १३ लागलेत. रोजचा खप २० किलो असेल तर १६० किलो उरायची वाट बघू नका. २६० वर आलं की ऑर्डर टाका. वरचे १०० किलो तुमचा राखीव साठा. त्याहून फार भरून ठेवण्यातही अर्थ नाही, कारण रेझिनला मुदत असते आणि पत्र्याच्या शेडमधल्या उन्हाळ्यात ती आणखी कमी होते.

दोन पुरवठादार आहेत म्हणून निर्धास्त राहणारे बरेच. पण दोघांचेही ट्रक कोल्हापुरात पुण्याकडूनच येत असतील तर पर्याय कसला? २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये पंचगंगेचं पाणी शिरोलीजवळ महामार्गावर आलं होतं. अशा वेळी पुण्याकडचा माल शिरोली एमआयडीसीपर्यंत पोचेलही, नदीपलीकडच्या गोकुळ शिरगावला मात्र नाही. दक्षिणेकडून मागवावा तर निपाणीजवळ वेदगंगा आडवी येते. म्हणून जुलै-ऑगस्टपुरती साठ्याची पातळी वेगळी धरा, आणि ती ऑर्डर जूनच्या पहिल्या आठवड्यातच टाका. मुदतीची तारीख बघूनच, अर्थात.